‘काही करत नाही हो तो’ : एका श्वानपालकाच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

शाळेच्या वाटेवरच्या कुत्र्यांबद्दल आणि त्यांच्या मालकांबद्दल मी लिहिलं होतं, त्यावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, म्हणून लगेच उत्तर दिलं नाही. दुसऱ्यांदा वाचताना जाणवलं, की तुम्हीही रोज सकाळी माझ्यासारख्याच घाईत, एका हातात लेकराचा हात धरून फाटकापाशी येता. तुमच्या दुसऱ्या हातात पट्टा असतो, एवढाच फरक.

ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. तुमचं म्हणणं असं, की मला कुत्रे आवडत नाहीत आणि माझी भीती मी मुलीच्या मनात उतरवली आहे. तुमचा लॅब्रडॉर चार वर्षांत कुणाला चावलेला नाही, त्याच्या सगळ्या लसी वेळेवर झाल्या आहेत. मुलाला सोडणं आणि कुत्र्याला फिरवणं एकाच फेरीत उरकलं नाही तर तुम्हाला कामावर उशीर होतो. खरा उपद्रव मुलांचा आहे, कारण ती न विचारता हात लावतात, शेपूट ओढतात, किंचाळत पळतात. आणि शाळेच्या रस्त्यावर कुत्र्यांना बंदी घाला असं म्हणणं निर्दयपणाचं आहे.

शेवटच्या मुद्द्यापासून सुरू करते. बंदीचं ते वाक्य चुकलंच. ज्या दिवशी ते लिहिलं त्या दिवशी सकाळीच मुलगी रडत वर्गात गेली होती आणि माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. एखादा अंध पालक मार्गदर्शक कुत्र्याच्या आधाराने मुलाला सोडायला येत असेल, त्यालाही माझ्या त्या वाक्याने हाकलून लावलं, हे तेव्हा सुचलं नाही. रस्ता सगळ्यांचा आहे. माझी तक्रार कुत्र्याबद्दल नाही. पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या माणसाबद्दल आहे, आणि ती मात्र मी मागे घेत नाही.

मला कुत्रे आवडत नाहीत हे खरं नाही. मी लहान असताना आमच्या घरी कुत्री होती, ती गेली तेव्हा मी दोन दिवस जेवले नव्हते. माझ्या मुलीलाही दीड वर्षापूर्वीपर्यंत कुत्र्यांची भीती नव्हती. मग एका सकाळी फाटकापाशी एक मोठा कुत्रा धावत आला आणि त्याने पुढचे दोन्ही पाय तिच्या छातीवर टाकले. ती उताणी पडली. दप्तर पाठीला होतं म्हणून डोकं आपटलं नाही. कुत्रा तिचं तोंड चाटत होता, आणि मालक दहा-बारा पावलांवरून हसत सांगत होते, ‘‘काही करत नाही हो तो, खेळतोय.’’ कुत्रा खेळतच होता, हे मलाही दिसत होतं. पण मुलगी खाली पडली होती, तिचा श्वास अडकला होता, आणि तिच्या चेहऱ्यापासून चार बोटांवर दात होते.

तुमच्याच लॅब्रडॉरचा विचार करून बघा. पूर्ण वाढलेला नर तीस किलोच्या आसपास असतो. सहा वर्षांचं मूल वीसेक किलोचं. म्हणजे तुमच्याआमच्या अंगावर आपल्या दीडपट वजनाचं, ओळख ना पाळख असं जनावर झेपावलं तर काय होईल, तेच त्या मुलाचं होतं. मागच्या पायांवर उभा राहिलेला असा कुत्रा मुलापेक्षा उंच होतो. आपण मोठी माणसं त्याला वरून बघतो. मुलाला तो समोरून, डोळ्याला डोळा भिडवून दिसतो. लहान मुलांना होणाऱ्या चाव्यांच्या जखमा बहुतेकदा चेहरा, डोकं आणि मानेवरच असतात, त्याचं एक मोठं कारण ही उंची आहे.

‘कुणाला चावलेला नाही’ हे तुम्ही प्रमाणपत्रासारखं लिहिलं आहे. पण त्या दिवशी माझ्या मुलीलाही कुणी चावलं नव्हतं. तिच्यावर जो परिणाम झाला त्यासाठी दात लागावे लागले नाहीत. पुढचे कित्येक आठवडे ती सकाळी बूट घालताना विचारायची, ‘‘आज तो असेल का?’’ वळणावर आली की माझा हात इतका घट्ट धरायची की बोटं दुखायची. एकदा समोरून कुत्रा येताना दिसला आणि ती हात सोडवून थेट रस्त्यावर धावली. गाडीवाल्याने वेळेवर ब्रेक दाबला. तो कुत्रा पट्ट्याला बांधलेला होता, शांत होता, त्याची काही चूक नव्हती. त्याच्या मालकांनाही कळलं नसेल की ती असं का वागली. तुम्ही ज्याला ‘उगाच घाबरणं’ म्हणता ते त्या सकाळी तिच्या जिवावर बेतलं असतं.

लसींबद्दल मनापासून धन्यवाद, कारण बरेच जण तेवढंही करत नाहीत. माणसांना होणाऱ्या रेबीजपैकी ९९ टक्क्यांपर्यंत प्रकरणं कुत्र्यांपासून होतात, आणि ५ ते १४ वर्षांची मुलं त्याला वारंवार बळी पडतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. लक्षणं दिसू लागल्यावर हा रोग जवळपास नेहमीच जीव घेतो. तेव्हा कुत्र्याला लस देणं हे मोठंच काम आहे. पण ती लस तुमच्या कुत्र्याच्या कपाळावर लिहिलेली नसते. अनोळखी कुत्र्याचा दात किंवा नख मुलाला लागलं तर मला ती जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवावी लागते आणि डॉक्टरांकडे धावावं लागतं. त्या दिवशी मुलीच्या हातावर ओरखडा होता. मी मालकांना लसीबद्दल विचारलं, तर त्यांना राग आला आणि ते निघून गेले. तो प्रश्न अपमान करण्यासाठी नव्हता. पुढे काय करायचं हे ठरवण्यासाठी मला ते उत्तर हवं होतं. तुमच्या कुत्र्याकडून असं कधी झालं तर, न विचारता, तुम्ही स्वतःच लसीचा कागद दाखवा. आईबापांची ती रात्र वाचेल.

‘भीती घालवायची तर जवळ न्यायला हवं’ हे तुमचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. जवळ न्यायला हवं, पण पाऊल तिचं तिने टाकायला हवं. माझ्या एका मैत्रिणीकडे बारा वर्षांचा, शांत म्हातारा कुत्रा आहे. त्याच्याकडे आम्ही आधी खिडकीतून बघितलं, मग अंगणाच्या दुसऱ्या टोकाला बसलो, मग तो झोपलेला असताना शेजारून गेलो. तिसऱ्या महिन्यात तिने स्वतःहून त्याच्या पाठीवर हात ठेवला. याउलट फाटकापाशी कुणीतरी ‘‘अगं घाबरतेस काय, लाव हात’’ म्हणत कुत्रा तिच्या अंगाशी आणायचं, तेव्हा आमचे सगळे कष्ट वाया जायचे. मागे सरकायला वाव असेल तरच भीती विरघळते, भिंतीला पाठ लागल्यावर नाही.

आता मुलांबद्दल. इथे तुमचं म्हणणं मी पूर्ण मान्य करते, आणि मूळ लेखात मी याबद्दल एक अक्षर लिहिलं नाही ही माझी चूक. न विचारता कुत्र्याच्या गळ्यात पडणारी मुलं मी रोज बघते, आणि त्यांचे आईवडील कौतुकाने फोटो काढत असतात. मिठी मारलेली अनेक कुत्र्यांना सोसत नाही. त्या फोटोत नीट बघितलं तर कुत्रा तोंड फिरवून बसलेला असतो, जीभ नाकावरून फिरवत असतो, जांभई देत असतो, डोळ्यांचा पांढरा भाग दिसत असतो. ती जांभई झोपेची नसते. मला इथून जाऊ द्या, असं तो सांगत असतो. शेपूट हलतेय म्हणजे खूश आहे, हेही दरवेळी खरं नसतं. अंग ताठ ठेवून शेपूट हलवणारा कुत्रा तणावात असू शकतो. लहान मुलांना यातलं काही वाचता येत नाही. त्यांना विचकलेले दातही हसण्यासारखे वाटतात. आणि मुलांना चावणारे कुत्रे बहुतेकदा ओळखीचेच असतात, घरातले किंवा शेजारचे, हे आपण मुलांना कधी सांगतच नाही.

मी माझ्या मुलीला जे शिकवलं ते सांगते, इतरांनाही उपयोग होईल. आधी मला विचारायचं, मग मालकांना विचारायचं, मग हात न पुढे करता थांबायचं आणि कुत्रा आपणहून येतो का बघायचं. तो नाही आला तर त्याचं उत्तर ‘नाही’ आहे. अंगावर आला तर पळायचं नाही, ओरडायचं नाही, झाडासारखं उभं राहायचं, हात छातीशी आवळायचे, नजर पायाच्या बोटांवर ठेवायची. पडलीस तर अंग चोरून गोळा व्हायचं आणि मान हातांनी झाकायची. पळणाऱ्याचा पाठलाग करणं कुत्र्याच्या रक्तातच आहे. हे आम्ही घरी खेळ म्हणून पन्नास वेळा केलं. तरी सांगते, सहा वर्षांच्या मुलीने खऱ्या प्रसंगी झाडासारखं उभं राहावं ही अपेक्षा फार मोठी आहे. तीस किलोचा कुत्रा आवरण्याची जबाबदारी मोठ्या माणसाची, तिची नाही.

फाटकाच्या गजाला कुत्रा बांधून ‘दोन मिनिटांत’ आत जाणाऱ्यांबद्दल तुम्ही काही लिहिलं नाही. तुम्ही तसं करत नसाल अशी आशा आहे. कुत्र्याच्या बाजूने बघितलं तरी ही गोष्ट वाईट आहे. मालक दिसत नाही, शेकडो पाय अंगावरून चाललेत, घंटा वाजतेय, आणि घाबरलेल्या जनावराचा पहिला मार्ग म्हणजे निघून जाणं, तोच गाठ मारून बंद केलेला. मग त्याच्याकडे उरतं काय? गुरगुरणं, आणि त्याने भागलं नाही तर दात. गुरगुरल्याबद्दल त्याला मारू नका, एवढं जाता जाता सांगते. तो इशारा असतो. मार खाऊन इशारा द्यायचं थांबलेला कुत्रा जास्त धोक्याचा.

बटण दाबलं की लांबत जाणाऱ्या दोरीबद्दलही तेच. पाच मीटर दोरी मोकळ्या मैदानात ठीक आहे. फाटकापाशी तिच्या टोकाला असलेला कुत्रा नावापुरताच बांधलेला असतो. त्याला ओढून घेईपर्यंत तो तीन मुलांना भेटून आलेला असतो, आणि ती बारीक दोरी मुलांच्या उघड्या पोटऱ्यांना घासून कापते. दीड-दोन मीटरचा साधा पट्टा, तोही हाताला एक वेढा घेऊन आखूड धरलेला, मला एवढंच हवं आहे.

आणि शी. ‘पावसात वाहून जाते, खतच होतं’ असं तुम्ही लिहिलंत ते बरोबर नाही. कुत्र्याची विष्ठा म्हणजे शेण नव्हे. तिच्यात गोलकृमींची, म्हणजे आतड्यातल्या जंतांची, अंडी असू शकतात, विशेषतः पिल्लांच्या. गंमत अशी, की ताज्या विष्ठेतली ही अंडी लगेच संसर्ग करत नाहीत, त्यांना तयार व्हायला दोन ते चार आठवडे लागतात. म्हणजे तुम्ही तेव्हाच उचललीत तर हा धोका तिथेच संपतो. नाही उचलली, तर शी दिसेनाशी झाल्यावरही अंडी मातीत महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षं टिकतात. मुलं त्याच मातीत हात घालतात आणि तेच हात तोंडात. क्वचित त्या अंड्यांतून निघालेल्या अळ्या डोळ्यापर्यंत पोचतात आणि दृष्टी अधू होते. पिशवीत भरून गाठ मारून ती कुंपणाला लटकवून जाणाऱ्यांनी निदान ती पिशवी पुढच्या कचरापेटीपर्यंत न्यावी.

‘मग तुम्ही मालकांशी नीट का बोलत नाही?’ असं तुम्ही विचारलंत. बोलते, आणि बोलायला शिकायला मला वेळ लागला. आधी मी म्हणायचे, ‘‘हिला भीती वाटते.’’ त्यावर एकच उत्तर ठरलेलं, ‘‘काही करत नाही तो.’’ कारण माझं वाक्य ऐकून समोरच्याला वाटायचं की आपल्या कुत्र्यावर आळ घेतला जातोय. आपला तो बाब्या, त्यामुळे लगेच त्याची बाजू घेणं आलंच. आता मी भीतीचं नाव काढत नाही. दहा पावलं अंतर असतानाच, हसून, नेमकं काय करायचं ते सांगते: ‘‘जरा पट्टा आखूड धरता का? आम्ही या बाजूने पुढे जातो.’’ बहुतेक जण लगेच धरतात. पुढे गेल्यावर मी आभार मानते आणि मुलीलाही ते ऐकू येतं. मोठं काही बोलायचं असेल तर फाटकापाशी नाही. तिथे दोघांनाही घाई असते आणि मुलं ऐकत असतात. ज्या गृहस्थांच्या कुत्र्याने मुलीला पाडलं त्यांच्याशी मी एका संध्याकाळी एकटीने जाऊन बोलले. त्यांनी माफी मागितली नाही. पण दुसऱ्या दिवसापासून ते रस्त्याच्या पलीकडे थांबू लागले आणि त्यांची नातवंडं शेवटची पंचवीस पावलं स्वतः चालत येऊ लागली. मला एवढं पुरलं.

तुमच्या वेळेच्या अडचणीवर माझं उत्तर तेच आहे. फेरी एकच करा, जरूर करा. फक्त शेवटच्या वळणाशी, गर्दीच्या अलीकडे थांबा आणि तिथून मुलाला नजरेच्या टप्प्यात जाऊ द्या. मूल त्यासाठी फार लहान असेल तर घंटेच्या दहा मिनिटं आधी या, तेव्हा फाटकापाशी कुणी नसतं. कुत्र्यालाही ती वाट जास्त आवडेल.

मूळ लेखातलं बंदीचं वाक्य आज काढून टाकलं आहे. मुलांनी कुत्र्यांशी कसं वागावं, हा भाग तुमच्या सांगण्यावरून नव्याने घातला आहे. पट्ट्याच्या लांबीबद्दलचा परिच्छेद होता तसाच ठेवला आहे.