टाटांचं पहिलं विमान ओझरला बनलं नव्हतं

‘एअर इंडियाचं पहिलं विमान आपल्या ओझरला तयार झालं. १९३२ साली जे.आर.डी. टाटांनी एकट्याने ते कराचीहून मद्रासला नेलं, वाटेत नाशिकला उतरले. इंग्रज सरकारने एक रुपयाही दिला नाही.’ हा मेसेज नाशिकच्या प्रत्येक ग्रुपवर फिरतोय. आता माझ्या भाच्याने तो शाळेच्या प्रकल्पात जसाच्या तसा उतरवलाय. म्हणून लिहितोय.

ओझरचा विमान कारखाना १९६४ सालचा, तोही मिग-२१ या लढाऊ विमानांसाठी उभारलेला. तो ज्या हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा, त्या कंपनीचा बंगळूरचा मूळ कारखानासुद्धा वालचंद हिराचंदांनी १९४० मध्ये काढला. मग १९३२ साली ओझरला विमान बनवलं कोणी? टाटांचं विमान होतं पस मॉथ, इंग्लंडच्या डी हॅविलंड कंपनीचं, एका इंजिनाचं. अशी दोन विकत घेतली होती. एअर इंडिया हे नावही १९४६ चं. ओझरच्या कामगारांनी मिग बांधले, सुखोई बांधली. अभिमानाने सांगायचं तर ते सांगा ना!

नाशिकला उतरण्याचंही तेच. मार्ग कराची, अहमदाबाद, मुंबई. अहमदाबादला बैलगाडीतून आलेलं पेट्रोल भरलं आणि विमान थेट जुहूला उतरलं. त्यासाठी सह्याद्री ओलांडून इकडे कशाला यायचं?

पण मला सगळ्यात जास्त खटकतं ते ‘एकट्याने’. ते उड्डाण होतं हवाई टपालाचं. १५ ऑक्टोबर १९३२ ला जे.आर.डीं.नी टपाल जुहूपर्यंत आणलं. तिथून बेल्लारीमार्गे मद्रासला नेलं ते नेव्हिल व्हिन्सेंट यांनी. टाटा समूहाने स्वतः प्रसिद्ध केलेल्या इतिहासातच हे आहे, शोधायला कुठे लांब जावं लागत नाही. शिवाय हवाई टपालाची मूळ योजनाच व्हिन्सेंटची. ब्रिटिश हवाई दलातला हा माजी वैमानिक १९२९ मध्ये ती घेऊन टाटांकडे आला होता. पुढे १९४२ मध्ये, युद्धाच्या काळात, विमानप्रवासातच तो गेला. ज्याने कल्पना आणली आणि अर्धी वाट स्वतः उडवली, त्याचं नाव मेसेजमध्ये एकदाही नाही. त्याचं नाव गाळल्याशिवाय जे.आर.डी. मोठे ठरत नाहीत का? त्यांचा वैमानिक परवाना देशात दिलेला पहिला, १९२९ चा. तेवढं पुरेसं आहे.

राहिला सरकारी रुपया. अनुदान मिळालं नाही, हे मान्य. पण टपाल वाहून नेण्याचा दहा वर्षांचा करार सरकारशीच होता आणि त्याचे पैसे मिळत होते.