एका ई-पुस्तकाला नंबर तरी किती?

परवा पुन्हा तेच. ई-पुस्तक शोधायला आयएसबीएन (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख-नंबर) टाकला, तर उत्तर आलं 'सापडलं नाही'. पुस्तक तिथंच होतं! मी टाकलेला नंबर छापील आवृत्तीचा होता, एवढंच. ईपबला (ई-पुस्तकाच्या फाइलचा एक प्रकार) वेगळा, पीडीएफला वेगळा, ऑडिओबुकला आणखी वेगळा. नियम तसा आहे, मान्य. पण कुठला नंबर कशाचा, हे शेजारी लिहायला काय हरकत आहे? त्यात दुकानाचा स्वतःचा कोड, अक्षरं-आकडे मिसळलेला, दुसऱ्या दुकानात काडीच्या उपयोगाचा नाही.

आयएसबीएन निदान वाचता तरी येतो. २००७ पासून १३ आकडी, सुरुवात ९७८ किंवा ९७९, शेवटचा आकडा पडताळणीचा, त्यामुळे एखादा आकडा चुकला तर लगेच पकडता येतो. जुन्या १० आकडी नंबराच्या शेवटी 'एक्स' असेल तर तो १० साठी असतो. हे तरी कोण सांगतं? लोक तो गाळून टाकतात आणि शोधत बसतात.

गाण्यांचं तर विचारूच नका. प्रत्येक रेकॉर्डिंगला १२ अक्षर-आकड्यांचा आयएसआरसी नावाचा ओळख-नंबर असतो, पण ऐकणाऱ्याला तो सहसा दिसतच नाही. मग मैफलीतलं गाणं कुठलं आणि स्टुडिओतलं कुठलं, हे आम्ही ओळखायचं कशावरून?