दर बघून आजारी पडा

पेडणे, डिचोली, सत्तरीतल्या सुज्ञ बांधवांनो, आजारी जरूर पडा, पण दर बघून पडा. काय दुखतंय ते डॉक्टर शोधतीलच. त्याचे पैसे कोण आणि कसे देणार, हे मात्र घरूनच ठरवून निघा.

रोख देणार असाल किंवा घसघशीत पॉलिसी असेल, तर खाटेचं, सलाईनचं, प्रत्येक तपासणीचं बिल वेगळं लागतं. मग तापासाठी गेलात तरी यकृत, मूत्रपिंड, हृदय सगळ्यांची विचारपूस होते. ‘आजची रात्र राहाच’ हा आग्रह माहेरीसुद्धा होत नाही.

घाईत असाल तर पॅकेज घ्या. आपल्या गोवा सरकारच्या 2016 च्या दीनदयाळ आरोग्य योजनेच्या कार्डावर तिघांपर्यंतच्या कुटुंबाला अडीच लाख आणि चौघे झाले की चार लाखांचं कवच मिळतं. (घरात सून आणायला याहून सबळ कारण कुठलं?) शस्त्रक्रियेची रक्कम आधीच ठरलेली असल्याने टाके पडताच तुम्ही इस्पितळाची मिळकत राहत नाही, खर्च होता. साहजिकच तब्येत झपाट्याने सुधारते. अमेरिकेत 1983 पासून मेडिकेअर ही वृद्धांसाठीची सरकारी विमा योजना आजारागणिक ठरावीक रक्कम देऊ लागली आणि वृद्धांचा इस्पितळातला मुक्काम आखडला. गंमत म्हणजे कागदावर त्यांचे आजार मात्र बळावत गेले, कारण गंभीर आजाराला दर जास्त. तेव्हा फाइलवर आपला आजार भारदस्त दिसला तर घाबरू नका, तो तुमच्या बढतीचा हुकूम आहे. दर परवडणारा नसला, तर मात्र नेमकी तुमच्या वेळी खाट रिकामी नसते.

बाळंतपणात हे ज्ञान पोटातल्या बाळालाही असतं. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशभरातल्या खासगी इस्पितळांत 47.4 टक्के बाळंतपणं सिझेरियनने झाली, सरकारी इस्पितळांत 14.3 टक्के. अडलेल्या केसी बांबोळीच्या मोठ्या सरकारी इस्पितळात पाठवायची आपली रीत, तरीही बाळं अडतात ती खासगीच्या दारातच.

त्या बांबोळीत डॉक्टर पगारी. तुम्ही राहा की जा, महिन्याकाठी त्यांच्या हाती तेवढंच पडणार. तिथे राहायचा आग्रह कोण करणार? उलट तुमच्या खाटेवर डोळा ठेवून बाहेर माणसं उभी असतात.

खासगीत काउंटरवरची मुलगी नावाआधी विचारेल, ‘कॅशलेस का?’ लगेच सांगून टाकू नका. आधी निदान लेखी घ्या.