विहिरीच्या भिंतीतला लाव्हा : एका प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

हवाईतल्या मौना लोआ या ज्वालामुखीवरील माझ्या लेखाखाली आपण चार आक्षेप नोंदवले आहेत. ढाल ज्वालामुखीचे (पातळ लाव्हाच्या थरांनी घडलेल्या, ढालीसारख्या मंद उतारांच्या ज्वालामुखीचे) उद्रेक सहसा स्फोटक नसतात हे माझे विधान दिशाभूल करणारे आहे, शेजारच्या किलाउएआ ज्वालामुखीच्या 2018 मधल्या उद्रेकाची हानी मी कमी लेखली आहे आणि वायूंबद्दल मी पुरेसे लिहिलेले नाही, हे पहिले तीन. चौथा आपल्याच शब्दांत देतो : "बुलढाणा जिल्ह्यातल्या खेड्यात बसून, ज्याने कधी वाहता लाव्हा पाहिला नाही, त्याने लाव्हा कसा वाहतो हे लोकांना शिकवू नये." टीकेला माझी हरकत नाही, पण हे वाक्य टीकेचे नसून हेटाळणीचे आहे, म्हणून आधी त्याचेच उत्तर देतो.

मी मेहकर तालुक्यात वाढलो. माझे वडील विहिरी खोदण्याची कामे घेत आणि सुट्टीत मी त्यांच्याबरोबर कामावर असे. आमच्याकडे काळ्या मातीखाली मुरूम लागतो, मुरुमाखाली मांजऱ्या, म्हणजे सच्छिद्र खडक लागतो आणि त्याच्या खाली सुरुंगाशिवाय न फुटणारा काळा दगड लागतो. काही ठिकाणी त्याही खाली तांबड्या मातीचा एक पातळ थर येतो आणि मग पुन्हा मांजऱ्या सुरू होतो. ही सगळी रचना लाव्हाच्या प्रवाहांची आहे. प्रवाह थंड होताना वर चढणारे वायूचे बुडबुडे वरच्या कवचाखाली अडकतात, म्हणून वरचा भाग सच्छिद्र राहतो, आणि पुढे त्या छिद्रांत झिओलाईटसारखी पांढरी खनिजे भरतात. मधला भाग सावकाश थंड होतो, म्हणून तो घट्ट होतो, आकसतो आणि उभ्या भेगांनी चिरतो. तांबडा थर म्हणजे पुढचा प्रवाह येण्याआधी उघड्यावर पडून कुजलेला पृष्ठभाग. झिजलेल्या मांजऱ्यात आणि काळ्या दगडाच्या भेगांत पाणी लागते, हे माझ्या वडिलांना भूशास्त्राचे एकही पुस्तक न उघडता ठाऊक होते. लोणारचे विवर उल्कापाताने झालेले असले, तरी त्याच्या कड्यातही बेसॉल्टचे (लाव्हा निवून झालेल्या काळ्या खडकाचे) हेच थर एकावर एक उघडे पडलेले दिसतात.

आपण हवाईला जाऊन आलात असे लिहिता. तिथे आपल्याला प्रवाहाचे तापलेले पृष्ठ दिसले असेल. प्रवाह आतून कसा असतो हे मात्र तो निवल्यावर, कातळ कापला गेल्यावरच कळते. पाहोएहोए, म्हणजे गुळगुळीत पृष्ठाच्या प्रकारच्या लाव्हावर आधी लवचीक कवच धरते, त्याखाली नवा लाव्हा शिरत राहतो, कवच वर उचलले जाते आणि प्रवाह जागच्या जागी फुगत जातो. कवचामुळे उष्णता आत राहते, म्हणून कवचाखाली तयार झालेल्या नळ्यांतून वाहणारा लाव्हा फारसा न निवता मैलोगणती जातो. अशाच फुगलेल्या प्रवाहांची रचना दख्खनच्या अनेक थरांत नोंदवलेली आहे. तेव्हा लाव्हाबद्दल लिहिण्याचा अधिकार विमानाच्या तिकिटावर ठरवायचा नसेल, तर आमच्या विहिरींचा पुरावाही ग्राह्य धरावा लागेल.

इथे एक खुलासा आवश्यक आहे, कारण आपण माझ्या तोंडी नसलेले वाक्य घातले आहे. दख्खनचे पठार हा ढाल ज्वालामुखी आहे असे मी कुठेही म्हटलेले नाही. ते सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी मुख्यतः लांबच लांब भेगांतून आलेल्या लाव्हाने घडले आणि आजही सुमारे 5 लाख चौरस किलोमीटरवर पसरलेले आहे. साम्य आहे ते द्रव्यात. बेसॉल्टच्या लाव्हात सिलिका जेमतेम 50 टक्के असते, बाहेर पडताना त्याचे तापमान 1,100 अंश सेल्सिअसच्या वर असते, तो पातळ असल्याने वायू सहज निसटतात आणि प्रवाह लांब जातात. म्हणूनच मौना लोआ समुद्रसपाटीपासून 4,169 मीटर आणि समुद्रतळापासून सुमारे 9 किलोमीटर उंच असूनही त्याचे उतार इतके मंद आहेत. भेगांतून लाव्हा येण्याचेही तेच : 1984 नंतर थेट 27 नोव्हेंबर 2022 रोजी तो जागा झाला, तेव्हा उद्रेक शिखरावरच्या कुंडात सुरू झाला आणि लगेच ईशान्येकडच्या भेगपट्ट्यात, म्हणजे उतारावरच्या भेगांच्या लांब पट्ट्यात, सरकला.

वायूंबाबत आपले म्हणणे मान्य आहे. सल्फर डायऑक्साईड आणि त्यातून तयार होणारे धुरके यांना स्वतंत्र परिच्छेद देता आला असता.

बाकी मुद्द्यांवर लांबण लावण्याचे कारण नाही. 1924 मध्ये किलाउएआच्या हालेमाऊमाऊ विवरात झालेले स्फोट वाफेचे होते, त्यांचा उल्लेख लेखात आहे आणि "सहसा" हा शब्द त्याच वाक्यात आहे. 2018 मध्ये शिखरापासून सुमारे 40 किलोमीटर दूर, वस्तीतच भेगा उघडल्या आणि सातशेहून अधिक घरे गेली, हेही मी लिहिले आहे. लेखाच्या शेवटापर्यंत आपण पोहोचला असता, तर ते आपल्याला दिसले असते. स्फोट नसणे म्हणजे धोका नसणे असे मी म्हटलेले नाही आणि म्हणणारही नाही. भेगपट्ट्यावरचा पुढचा लेख ठरल्याप्रमाणे येईल. त्यावर आपला आक्षेप असल्यास तो खडकाबद्दल असावा, माझ्या गावाबद्दल असल्यास मी उत्तर देणार नाही.