55 इंची अंधार

आमच्या टीव्हीची वॉरंटी 28 ऑक्टोबर 2025 ला संपली आणि टीव्ही 2 नोव्हेंबरला गेला. मधले चार दिवस तो निव्वळ माणुसकीनं चालला असावा.

घेतला होता आदल्या वर्षीच्या धनत्रयोदशीला. गेलो होतो 43 इंची घ्यायला. पण दुकानात सगळे टीव्ही एका भिंतीवर ओळीनं लावलेले असतात आणि सगळ्यांवर एकच समुद्र अन् एकच कासव पोहत असतं. 43 वरचं कासव बघता बघता नजर शेजारच्या 55 वर जाते, आणि एकदा का 55 वरचं कासव बघितलं की 43 वरचं आजारी वाटायला लागतं. दुकानदाराला हे ठाऊक असतं. त्यानं मला काही म्हणजे काही समजावलं नाही, नुसता चहा सांगितला.

मी शाळेत गणित शिकवतो. दरवर्षी पायथागोरसचा कर्ण फळ्यावर काढतो. तरीही 55 इंच म्हणजे टीव्हीची रुंदीच, असं धरून मी घरी फोन केला आणि बायकोनं तेवढी भिंत मोकळी करायची म्हणून माहेरहून आलेलं शोकेस हलवलं. टीव्ही लागला तेव्हा कळलं की 55 हा कर्ण आहे, रुंदी जेमतेम चार फूट. शोकेस परत जागेवर आलं, पण त्याचा एक पाय मोडला. त्या पायाचा विषय आमच्याकडं अजून निघतो.

बिल करताना काउंटरवरचा पोरगा म्हणाला, "सर, फक्त तीन हजारात दोन वर्षं वॉरंटी वाढवून देतो."

मी म्हणलं, "म्हणजे हा वर्षभरात बिघडणार असं म्हणायचंय का तुला?"

तो हसला. त्या हसण्याचा अर्थ कळायला मला एक वर्ष आणि चार दिवस लागले. जीएसटी तेव्हा 28 टक्के होता. पुढं 22 सप्टेंबर 2025 पासून मोठ्या टीव्हीवरचा कर 18 टक्क्यांवर आला, तेव्हा गावभर लोक आनंदात होते आणि मी हप्ते भरत होतो.

तर, 2 नोव्हेंबर. महिला विश्वचषकाची फायनल, नवी मुंबईत. पावसानं सामना उशिरा सुरू झाला. आपल्या पोरींनी 7 बाद 298 केले. आमची पोरगी शाळेच्या संघात ऑफस्पिन टाकते, त्यामुळं घरात दीप्ती शर्माला घरचं माणूस समजतात. दक्षिण आफ्रिकेची कर्णधार लॉरा वोल्वार्ट एका बाजूनं खेळपट्टीवर नांगर टाकून बसलेली. शेजारचे काका त्यांच्या घरी टीव्ही असून आमच्याकडं आलेले, 55 इंचाची हीच तर किंमत असते. आणि टीव्ही एकदा डोळा मिचकावल्यासारखा झाला, आणि काळा पडला.

आवाज मात्र चालू. समालोचक ओरडतोय, प्रेक्षक ओरडताहेत आणि आमच्या भिंतीवर चार फूट रुंदीची काळीकुट्ट पाटी.

रिमोट दाबून झाला. रिमोटचे सेल काढून, चावून, परत घालून झाले. बटण बंद-चालू केलं. आई म्हणाली, "दृष्ट लागली असंल. सगळं गाव बघून गेलं की." काकांनी मान दुसरीकडं वळवली.

तेवढ्यात पोरीनं मोबाइलची बॅटरी लावली आणि पडद्याला चिकटवून तिरकी धरली. "पप्पा, हे बघा!" बघतो तर काय, बॅटरीच्या उजेडाच्या गोलात, खोल पाण्यात दिसावं तसं, एक बाई पळत होती. चित्र होतं! टीव्ही आतून चित्र काढत होता, त्याच्यामागं उजेडच नव्हता.

मग आम्ही खोलीतला दिवा घालवला आणि विश्वचषकाची फायनल बॅटरीनं बघितली. बॅटरी पोरीकडं, कारण बॉल कुठं जाणार हे तिलाच कळतं. गोल एवढा ताटलीएवढा. बॉलर दिसला की बॅट्समन नाही, बॅट्समन दिसला की स्टंप नाही. धावफलक हवा असला की आई म्हणायची, "खाली ने गं." वोल्वार्टनं शतक काढलं आणि पुढं एक फटका उंच मारला. पोरगी बॅटरी घेऊन चेंडूच्या मागं. खाली अमनजोत कौर. तिच्या हातून चेंडू सुटला, परत हाताला लागला, परत सुटला. इकडं पोरीच्या हातून मोबाइल सुटला, परत हाताला लागला, परत सुटला. अमनजोतनं कॅच धरला. मोबाइल शोकेसच्या मोडक्या पायाखाली गेला. कॅच झाला की सुटला हे आम्हाला समालोचकाच्या ओरडण्यावरून कळलं. भारत 52 धावांनी जिंकला तेव्हा हरमनप्रीतनं शेवटचा झेल घेतला म्हणे. आम्हाला त्यातली तिची कोपरं दिसली.

सामना मोबाइलवरच का नाही बघितला, असं लोक विचारतात. ज्याचे सहा हप्ते बाकी आहेत त्याला हा प्रश्न विचारू नये.

दुसऱ्या दिवशी कंपनीला फोन. हिंदीसाठी दोन दाबा, टीव्हीसाठी तीन दाबा, मग बासरी. बासरीनंतर एक गोड मुलगी आली. तिला पिनकोड सांगितला, 431401. "सर, परभणी कौनसे स्टेट में आता है?" जगात जर्मनी आणि भारतात परभणी, असं आम्ही पाळण्यात असल्यापासून ऐकत आलोय. तिच्या यादीत जर्मनीही नसावी. मी महाराष्ट्र म्हणालो, तर तिनं पुण्याचा माणूस पाठवायची तयारी दाखवली. शेवटी नांदेडचा सापडला.

तो सहाव्या दिवशी आला. पाठीवर सॅक, पण ती त्यानं उघडली नाही. टीव्हीच्या मागच्या स्टिकरचा फोटो काढला, पुढून काळ्या पडद्याचा फोटो काढला, माझ्याही चेहऱ्याचा काढतो की काय असं वाटलं. मग म्हणाला, "पॅनल गेलं सर."

"अहो पण बॅटरी लावली की चित्र दिसतं."

"कंपनीत बॅटरीची सिस्टीम नाही सर."

पॅनल 36 हजार 800, मजुरी वेगळी, आणि वॉरंटी संपल्यामुळं नुसतं येऊन हे सांगण्याचे 590. पाचशे व्हिजिटचे आणि 18 टक्के त्यावर. टीव्ही मी 47 हजारात आणला होता. बायकोनं विचारलं, "मग उरलेल्या दहा हजारात काय काय येतं?" त्यानं प्रामाणिकपणे सांगितलं, "स्टँड, रिमोट अन् मागचं झाकण."

पूर्वी असं नव्हतं, हे वाक्य मी टाळणार होतो, पण टळत नाही. आमच्या गावाकडच्या घरी लाकडी शटरचा ब्लॅक अँड व्हाइट होता. माझा एक मामेभाऊ पैठण रोडला चितेगावच्या कारखान्यात टीव्ही जोडायचा, त्यामुळं बिघडला की सगळे अधिकारवाणीनं बोलायचे, पण उपाय एकच: उजव्या कुशीत, वरून एक वीत खाली, मोकळ्या हाताची चापट. आण्णांची चापट बसली की बातम्या देणारी बाई दचकून परत सरळ व्हायची. फारच झालं तर ईएचटी, म्हणजे आतला जास्त व्होल्टेजचा ट्रान्सफॉर्मर, जायचा, मग सायकलवरून मिस्त्री यायचा, डाग द्यायचा, चहा पिऊन जायचा. आजच्या टीव्हीला चापट मारायची कुठं? अंगठ्याएवढी जाडी. मारली तर हात पलीकडं निघायचा.

लातूरच्या मेहुण्याला बातमी पोचलीच. "दाजी, मी म्हणलं होतं 43 घ्या." त्यानं असं काही म्हणलं नव्हतं. पण टीव्ही बिघडला की सगळ्या पाहुण्यांना आपण काहीतरी म्हणल्याचं आठवतं. एकानं स्टॅबिलायझर नव्हता म्हणून गेला सांगितलं, दुसऱ्यानं स्टॅबिलायझर लावला असता तरी गेला असता म्हणून सांगितलं. साडूंनी ग्राहक हेल्पलाइनचा 1915 नंबर पाठवला. मी फोन लावलाही, तिथल्या माणसानं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "वॉरंटी कधी संपली?" मी "बिघडायच्या चार दिवस आधी" म्हणल्यावर दोघंही थोडा वेळ गप्प बसलो.

नानल पेठेतल्या चाचांचं नाव शाळेतल्या शिपायानं सुचवलं. चाचांचं वय साठीपुढं, चष्म्याला एका बाजूनं दोरा. टीव्हीकडं बघण्याआधी त्यांनी माझ्याकडं बघितलं, डॉक्टर जसं आधी सोबतच्या नातेवाइकाकडं बघतात तसं.

"आवाज आरा?"

"येतोय."

"बॅटरी मारे तो पिच्चर दिखरा?"

"दिसतंय."

"तो जिंदा है. पॅनल कौन बोला? खोल के देखे क्या उनों?"

"फोटो काढला."

चाचांनी आकाशाकडं बघितलं.

ऑपरेशन आमच्या हॉलमध्येच झालं. 55 इंची आडवा करून रिक्षात घालायचा नसतो, उभाच न्यायचा, नाहीतर काच जाते. आणि छोटा हत्ती बोलवायचा तर चाचा म्हणाले, पाचशे का देता, मीच येतो. जमिनीवर आईची गोधडी, गोधडीवर धुतलेली चादर, चादरीवर टीव्ही पालथा. मागचे स्क्रू चाचांच्या नातवानं चहाच्या बशीत गोळा केले. मी मोजले, 23. मग टीव्ही उताणा, कडेची पट्टी निघाली, आणि चाचांनी पिशवीतून रबराच्या चार वाट्या काढून काचेवर चिकटवल्या. एक कोपरा चाचांचा, एक नातवाचा, एक माझा, एक काकांचा. काचेच्या खालच्या कडेला मिठाईवरच्या वर्खासारख्या पातळ पट्ट्या लोंबत होत्या.

"इसको हात नै लगाने का. ये फटी तो कंपनीवाला सच्चा हो जाता."

आम्ही चौघांनी काच उचलली. अख्ख्या घरात कुणी श्वास घेतला नाही. कुकरची शिट्टी झाली आणि काकांचा कोपरा एक इंच खाली गेला. चाचा त्यांना काही बोलले नाहीत, नुसतं "या अल्ला" म्हणाले. काच पलंगावर ठेवली तेव्हा मला पोरगी जन्मली त्या दिवशीसारखा घाम आला होता.

काचेखाली पांढरे, दुधाळ, प्लॅस्टिकचे कागद, एकावर एक. ते काढल्यावर तळाशी पट्ट्या, आणि पट्ट्यांवर ओळीनं बसवलेले दिवे. दरेक दिव्यावर एक बुटकी पारदर्शक टोपी, उजेड पसरवणारी. चाचांनी टेस्टरच्या दोन सुया एकेका दिव्याला लावल्या. पेटला. पेटला. पेटला. तिसऱ्या पट्टीतल्या पाचव्याला सुया लावल्या आणि काहीच झालं नाही. टोपी काढून त्यांनी नखानं दाखवला. ज्वारीचा दाणा. मधोमध करपलेला काळा ठिपका, तीळभर.

"एवढ्यानं?"

"गणपती के लाइटिंग की माळ देखे ना? एक बल्ब गया तो?"

एका ओळीत सगळे जोडलेले. एक मेला की पुढं करंट नाही, आणि आतलं सर्किट सगळ्यांनाच बंद करतं. 47 हजारांचा टीव्ही, चार माणसं, एक गोधडी, आणि आजारी कोण, तर ज्वारीचा दाणा.

चाचांनी मग तो प्रश्न विचारला ज्याची मला भीती होती. "ब्राइटनेस कित्ते पे रखे थे?"

"शंभर."

"दुकान में सौ पे रखते, भाई. वां चमकाना रहता. घर में सौ पे रखे, ऊपर से परभणी का मई महिना, दाना भाजताच ना." 28 टक्के कर भरलेला माणूस साठवर कसा ठेवणार, हे मी त्यांना सांगितलं नाही. दिव्यांचं आयुष्य उष्णता खाते, आणि जितका उजेड ओढावा तितके ते तापतात, एवढं मात्र मला तेव्हा समजलं. एकच दाणा बदलून भागत नाही, बाकीचेही तितकेच भाजलेले असतात, म्हणून सगळ्या पट्ट्या नव्या. पट्ट्या 2 हजार 200, मजुरी 1 हजार 500.

परत चार कोपरे, परत श्वास बंद. या वेळी हिनं कुकर आधीच उतरवून ठेवला होता. बटण दाबलं, आणि भिंतभर उजेड. काकांनी टाळ्या वाजवल्या. पोरीनं पहिल्यांदा काय केलं असेल तर फायनलचे हायलाइट्स लावले आणि तो कॅच मोठ्यानं, पूर्ण, दोन्ही हातांसकट बघितला.

तेव्हाच आईनं विचारलं, "त्या पोरीच्या डोक्यावर ते पांढरं काय हाय?"

वर उजव्या कोपऱ्यात लिंबाएवढा पांढराशुभ्र गोल. अमनजोत पळाली, गोल जागेवरच. जाहिरात आली, गोल जागेवरच. एका दिव्याची टोपी काच बसवताना निसटली होती. तिथला उजेड पसरत नव्हता, गोळा होऊन बसला होता. चाचा खजील झाले. "दो मिनिट का काम है, फिर से खोलते."

"नको!" आम्ही चौघं एकदम ओरडलो. काका तर उठून दारापर्यंत गेले.

तो गोल आता आमच्या घरचा आहे. मालिकेतल्या सासूच्या मागं तो असतो, शेअर बाजाराच्या बातम्यांत असतो, हवामानाच्या नकाशात बरोबर नागपूरवर असतो. आलेल्या पाहुण्यांना आम्ही सांगत नाही. ते दहा मिनिटं चष्मा पुसतात.

मागच्या संकष्टीला दिवसभर आभाळ होतं. आईचा उपास. पंचांगात चंद्रोदय नऊला दिलेला; साडेनऊ झाले, पावणेदहा झाले, मोदक गार व्हायला लागले. ही म्हणाली, "आई, वेळ झालीय, चालतं आता, जेवून घ्या." आईला ते पटेना. गच्चीवर दोन चकरा मारून ती खाली आली, हातात तांब्या, ताम्हण, गंध, अक्षता. हॉलच्या मधोमध उभी राहिली.

"टीव्ही लाव रे."

"आता मालिका बघतीस?"

"मालिका नगं. नुसता लाव."

मी लावला. उजव्या कोपऱ्यात चंद्र वेळेवर उगवलेला होता. आईनं पदर डोक्यावरून घेतला, अक्षता वाहिल्या, दोन पडद्याला चिकटल्या. मग तिनं तांब्या उचलला, आणि मी टॉवेल घेऊन मधे पडलो.

"आई, अर्घ्य लांबून. वॉरंटी संपलीय."