सोडियम कमी म्हणजे मीठ कमी?

घोडबंदर रस्त्यावरच्या आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर उन्हाळा लागला की एक संदेश हमखास फिरतो: 'सोडियम कमी झाले म्हणजे अंगातले मीठ कमी झाले, मीठ-लिंबाचे पाणी भरपूर प्या, तपासण्यांवर पैसे घालवू नका, आणि दाखल व्हावेच लागले तर सलाईन भराभर चढवून घ्या.'

पहिलेच विधान चुकीचे आहे. रक्ताच्या रिपोर्टवरचा सोडियमचा आकडा, जो एरवी लिटरमागे १३५ ते १४५ मिलिमोल असतो, तो अंगातल्या एकूण मिठाचा नसून पाण्याच्या मानाने सोडियम किती, याचा असतो. आमटीत पाणी जास्त झाले तरी ती अळणीच लागते. हृदयविकाराने पायांवर सूज आलेल्या रुग्णाच्या अंगात सोडियम उलट जास्तच असते, पाणी त्याहूनही जास्त. त्याला मीठ पाजले तर सूज आणि धाप वाढते.

उलट्या-जुलाबांत ओआरएस योग्यच आहे. परंतु एडीएच हे संप्रेरक नको तेव्हा स्रवत राहिले, तर मूत्रपिंडे पाणी सोडत नाहीत आणि 'भरपूर' पाण्याने आकडा आणखी घसरतो. तेथे पाणी मोजूनच द्यावे लागते.

तपासण्यांचे म्हणाल तर, शेजारच्या काकू तोल जाऊन पडल्या तेव्हा सोडियम १२१ होते आणि घरचे दोन दिवस हेच मीठ-लिंबाचे पाणी पाजत होते. त्यांच्या रक्तदाबाच्या गोळीच्या नावाशेवटी बारीक 'एच' छापलेला होता, म्हणजे हायड्रोक्लोरोथायाझाइड, सोडियम घटवणाऱ्या औषधांतले एक नेहमीचे नाव. डॉक्टरांनी ती गोळी बदलली (असा बदल स्वतःच्या मनाने करू नये), शिवाय लघवीतले सोडियम व ऑस्मोलॅलिटी (विरघळलेल्या कणांचे प्रमाण), रक्तातली साखर, थायरॉइड आणि कॉर्टिसॉल हे संप्रेरक तपासले, कारण कारणागणिक उपचार बदलतो.

सर्वांत घातक सल्ला शेवटचा. दोन दिवसांहून अधिक काळ सोडियम कमी राहिले की मेंदूच्या पेशी त्याच्याशी जुळवून घेतात, आणि मग ते झपाट्याने वाढवल्यास मज्जातंतूंवरचे आवरण झडून काही दिवसांनी बोलणे, गिळणे, हातपाय हलवणे अवघड होऊ शकते. म्हणून २४ तासांत लिटरमागे साधारण ८ ते १० मिलिमोलांपेक्षा जास्त वाढ होऊ देत नाहीत. झटके आले किंवा शुद्ध हरपली, तर ३ टक्के मिठाचे तीव्र सलाईन तातडीने द्यावेच लागते, पण तेही रुग्णालयात आणि तेवढ्यापुरतेच. काकूंचे रक्त दर सहा तासांनी घेतले जाई. घरच्यांना ते बिल फुगवणे वाटले, परंतु वाढीचा वेग त्याशिवाय कळत नाही.