‘बसलं की चाललं’? एसएफपीबद्दलच्या एका मेसेजला उत्तर

महापे, रबाळे, ऐरोली पट्ट्यातल्या नेटवर्कवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरून फिरून येतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: एसएफपी (नेटवर्क स्विचच्या पोर्टमध्ये बसवायचं, बहुतेक वेळा फायबर जोडायचं छोटं मॉड्यूल) सगळे सारखेच, पोर्टमध्ये बसलं की चालतं, घ्यायचं तर ८० किलोमीटरचंच घ्या, जवळ-लांब कुठेही लागतं, स्विचच्या कंपनीचं नसेल तर स्विच जळतो, आणि दिवा हिरवा झाला की काम झालं. सर्वाधिक नुकसान ८० किलोमीटरच्या सल्ल्याने होतं, म्हणून आधी तोच.

‘८० किलोमीटरचं कुठेही चालतं.’ १० जीचं (सेकंदाला १० गिगाबिटचं) ८० किलोमीटरचं मॉड्यूल, म्हणजे झेडआर, साधारण ० ते +४ डीबीएम प्रकाश फेकतं (डीबीएम हे प्रकाशाच्या ताकदीचं माप, आकडा जितका उणे तितका प्रकाश कमी). त्याच्या रिसिव्हरला मात्र −७ डीबीएमच्या वरचं झेपत नाही. १५५० नॅनोमीटरला किलोमीटरमागे पाव डीबीच्या आसपास घट धरली, तर ८० किलोमीटरमध्ये २० डीबी वाटेतच जातात आणि हिशेब बसतो. एमआयडीसीतल्या दोन शेजारच्या इमारतींत ३०० मीटर फायबर असेल तर घट जेमतेम १ डीबी, तीही बहुतेक कनेक्टरची. म्हणजे +३ डीबीएमपर्यंतचा प्रकाश थेट रिसिव्हरवर. कधी लिंक येतच नाही, कधी येते आणि सीआरसी एरर (वाटेत बिघडलेल्या डेटाची मोजणी) वाढत राहतात. आतला अ‍ॅव्हलांच फोटोडायोड, म्हणजे प्रकाश टिपणारा भाग, एकदा गेला की ते मॉड्यूल पुढे ८० किलोमीटरलाही उपयोगाचं राहत नाही. मॉड्यूल मारायची हमखास जागा म्हणजे टेस्टिंगचं टेबल: ‘चालतंय का बघू’ म्हणत पॅचकॉर्डने त्याचंच टीएक्स (प्रकाश सोडणारं छिद्र) त्याच्याच आरएक्सला (प्रकाश घेणाऱ्या छिद्राला) जोडायचं!

हाताशी झेडआरच असेल तर १५ डीबीचे दोन सिंगल मोड एलसी अटेन्युएटर (प्रकाश कमी करणारे जोड) लावा, दोन्ही टोकांना आरएक्सच्या बाजूला एकेक. मग रिसिव्हरवर −११ ते −१६ च्या दरम्यान प्रकाश पडतो. झेडआरला −२४ पर्यंत वाचता येतं, त्यामुळे दोन्हीकडे जागा उरते. पण नवीन घेताना १० किलोमीटरचं एलआर घ्या. ते −८.२ ते +०.५ डीबीएम सोडतं आणि +०.५ पर्यंत सहनही करतं, म्हणून एक मीटरच्या कॉर्डवरही निर्धास्त चालतं. ४० किलोमीटरच्या ईआरलाही हीच काळजी लागते: सोडतं +४ पर्यंत, सोसतं −१ पर्यंत.

‘बसलं की चालतं.’ १ जीचं एसएफपी आणि १० जीचं एसएफपी प्लस दिसायला जुळे भाऊ, म्हणून हा गैरसमज. १० जीच्या पोर्टमध्ये १ जीचं मॉड्यूल बहुतेक स्विचवर चालतं, पण अनेकदा स्पीड हाताने द्यावा लागतो. उलट होत नाही. एका टोकाला १ जीचं एलएक्स आणि दुसऱ्याला १० जीचं एलआर लावलं तर दोन्ही १३१० नॅनोमीटरचे असूनही लिंक येणार नाही. ते आपसात स्पीड ठरवत नाहीत. जवळच्या अंतराचं एसआर ८५० नॅनोमीटरचं आहे आणि मल्टिमोड, म्हणजे जाड गाभ्याचं फायबरच मागतं: ओएम३ प्रतीच्या फायबरवर ३०० मीटर, ओएम४ वर ४००. बायडाय (एकाच फायबरवर दोन्हीकडे बोलणारं) घेताना तर ऑर्डरमध्येच चूक होते. एका टोकाला १२७० नॅनोमीटरचा प्रकाश सोडून १३३० चा घेणारं, तर दुसऱ्याला बरोबर उलटं लागतं. एकाच पार्ट नंबरचे दोन नग मागवले की दोन्ही टोकं एकाच रंगात बोलतात आणि कुणालाच काही ऐकू येत नाही.

‘कंपनीचं नसेल तर स्विच जळतो.’ नाही. मॉड्यूलच्या मेमरीत उत्पादकाचं नाव आणि पार्ट नंबर असतो. स्विच तो वाचतो आणि काही स्विच न आवडल्यास पोर्ट बंद करतात, एवढंच. सिस्कोवर त्यासाठी ‘सर्व्हिस अनसपोर्टेड-ट्रान्सीव्हर’ अशी कमांडच आहे. व्यवहारातली अडचण वेगळी: तक्रार नोंदवल्यावर सपोर्टवाले आधी स्विचच्या कंपनीचं मूळ मॉड्यूल लावून दाखवायला सांगू शकतात. तेवढ्यासाठी प्रत्येक प्रकारचं एक मूळ मॉड्यूल कपाटात असू द्या. खरी गरमी करतं ते १० जीचं तांब्याचं, आरजे४५ वालं. ऑप्टिकल मॉड्यूल १ वॅटच्या आसपास घेतं, हे अडीचपर्यंत जातं. शेजारशेजारचे पोर्ट त्यानेच भरू नका.

‘हिरवा दिवा म्हणजे काम झालं.’ दिवा फक्त लिंक आहे एवढं सांगतो. ‘शो इंटरफेसेस ट्रान्सीव्हर डिटेल’ द्या, लिनक्सवर ‘ईथटूल’ला ‘एम’ पर्याय द्या आणि आरएक्स पॉवर बघा. एलआरला कमीत कमी −१४.४ पर्यंतच वाचता येतं, −१३ दिसत असेल तर लिंक काठावर आहे. हे आकडे ३ डीबीने इकडेतिकडे असू शकतात, म्हणून लिंक ताब्यात घेताना पॉवर मीटरच वापरा. आकडा पडलेला दिसला की मॉड्यूल बदलायच्या आधी कनेक्टर पुसा. सिंगल मोडचा गाभा ९ मायक्रॉनचा. ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या बांधकामाची धूळ त्याला पुरेशी आहे. १.२५ मिलिमीटरच्या वन-क्लिक क्लीनरने कॉर्डचं टोकही पुसा आणि मॉड्यूलचं छिद्रही. शर्टाला पुसू नका, आणि टोपी लावलेलं टोक स्वच्छच असेल असं धरू नका. मग काउंटर शून्य करून तासाभराने सीआरसी बघा. वाढत असतील तर आधी कॉर्ड बदला, नंतर मॉड्यूल.